१९१८ च्या फ्लूचा आरएनए : एका ऑक्सिजन अणूमुळे अडलेलं आणि डीएनएमुळे सुटलेलं प्रकरण

अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रेव्हिग मिशन नावाची छोटी वस्ती आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये फ्लूची साथ तिथे पोचली आणि १५ ते २० नोव्हेंबर या काळात ८० प्रौढ रहिवाशांपैकी ७२ जण दगावले. बारमाही गोठलेल्या जमिनीत एकच मोठा खड्डा खणून त्यांना पुरण्यात आलं. जगभरात या साथीने किमान पाच कोटी माणसं गेली असा अंदाज आहे. त्यातली एक कोटीहून अधिक एकट्या हिंदुस्थानातली. पण ज्या विषाणूने हे केलं, तो त्या वेळी कुणी वेगळा काढला नाही की जपून ठेवला नाही. माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा हाती आला तो १९३३ मध्ये. तोवर १९१८ चा विषाणू नाहीसा झाला होता.

तरीही २००५ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकीय मजकूर वाचून झाला. तो कसा वाचला गेला, हे या प्रकरणात मांडतो आहे. डीएनए आणि आरएनए यांच्यातली साम्यं आणि फरक समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात साखर वेगळी, एक बेस वेगळा, धागे एक की दोन, असे फरक एकाखाली एक येतात आणि सगळ्यांचं वजन सारखंच वाटतं. प्रत्यक्षात ते सारखं नाही. साम्यांना तर तक्त्यात जेमतेम दोन ओळी मिळतात, आणि या प्रकरणात शेवटी तीच साम्यं कामी आली.

पहिला प्रयत्न, १९५१

योहान हुल्टिन हा मूळचा स्वीडनचा तरुण तेव्हा अमेरिकेत आयोवा विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होता. गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या देहांत विषाणू टिकला असेल, या आशेने तो ब्रेव्हिग मिशनला गेला. गावातल्या वडीलधाऱ्यांची परवानगी घेऊन त्याने खोदकाम केलं आणि फुप्फुसांचे तुकडे काढले. परतीच्या विमानप्रवासात ते वितळू नयेत म्हणून आग विझवण्याच्या नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइड वापरून तो ते पुन्हा पुन्हा गोठवत राहिला. प्रयोगशाळेत पोचल्यावर त्याने तो अंश कोंबडीच्या अंड्यांत टोचला. विषाणू वाढला नाही.

त्या वेळी याच्या पलीकडे जाण्याची सोयच नव्हती. विषाणू जिवंत असेल तर वाढवायचा, नसेल तर सोडून द्यायचा. मेलेल्या विषाणूचा मजकूर वाचायचा, ही कल्पना मांडायलाही पाया नव्हता. डीएनएची दुपेडी रचना सुचवली गेली १९५३ मध्ये. आरएनएवरचा मजकूर डीएनएत उतरवणारं एन्झाइम सापडलं १९७० मध्ये.

जे शोधायचं होतं ते काय होतं

इन्फ्लुएन्झाच्या विषाणूत डीएनए नसतो. त्याचा सगळा मजकूर आरएनएच्या आठ वेगवेगळ्या तुकड्यांवर असतो, सगळे मिळून साधारण साडेतेरा हजार अक्षरांचा. तो पेशीत शिरतो, आरएनएवरून आरएनए तयार करतो आणि बाहेर पडतो. या सगळ्या फेऱ्यात डीएनएचा टप्पा कुठेच येत नाही. एड्सच्या विषाणूचं तसं नाही. तो स्वतःची डीएनए प्रत माणसाच्या गुणसूत्रात घुसवतो, त्यामुळे त्याची खूण डीएनएतही राहते. फ्लू अशी कोणतीही खूण मागे ठेवत नाही. म्हणजे १९१८ चा मजकूर मिळालाच तर आरएनएमध्येच मिळणार होता.

आणि इथेच अडचण होती. आरएनए आणि डीएनए यांचा सांगाडा जवळपास एकच आहे : साखर, फॉस्फेट, पुन्हा साखर, पुन्हा फॉस्फेट, आणि प्रत्येक साखरेला चिकटलेला एक बेस, म्हणजे मजकुराचं एक अक्षर. साखरही पाच कार्बनचीच. फरक आहे तो दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर. डीएनएच्या डीऑक्सिरायबोजमध्ये तिथे फक्त हायड्रोजन असतो. आरएनएच्या रायबोजमध्ये तिथे हायड्रॉक्सिल असतो, म्हणजे एक ऑक्सिजन जास्त.

हा ऑक्सिजन कुठे बसला आहे ते नीट पाहायला हवं. दोन साखरांना जोडणारा फॉस्फेट तिसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर असतो, अगदी शेजारी. हायड्रॉक्सिलमधला हायड्रोजन निघून गेला की उरलेला ऋणभारित ऑक्सिजन शेजारच्या फॉस्फरसवर चाल करून जातो. दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनमध्ये फॉस्फेटचं छोटं कडं तयार होतं आणि पुढच्या साखरेशी असलेला बंध तुटतो. साखळीचे दोन तुकडे होतात. बाहेरून कोणी कापायला यावं लागत नाही, आरएनए स्वतःच्याच अंगातल्या अणूने तुटतो. माध्यम आम्लारिधर्मी असेल किंवा उष्णता असेल तर हे झपाट्याने होतं, एरवी सावकाश, पण होतं. डीएनएमध्ये तो ऑक्सिजनच नसल्याने ही वाट बंद असते. म्हणून सौम्य अल्कलीत ठेवलेला आरएनए विरून जातो, आणि डीएनएचे फक्त दोन धागे सुटे होतात, धागे शाबूत राहतात.

त्यात भर म्हणजे रायबोन्यूक्लिएज. आरएनए कापणारी ही एन्झाइम्स जवळजवळ प्रत्येक पेशीत असतात, आपल्या घामात आणि त्वचेवरही असतात. त्यांतली अनेक याच शेजारच्या हायड्रॉक्सिलचा उपयोग करून घेतात. त्यांना काम करायला धातूच्या आयनाची गरज लागत नाही आणि ती उकळूनही सहज नष्ट होत नाहीत. डीएनए कापणाऱ्या नेहमीच्या एन्झाइम्सना मॅग्नेशियमसारखा आयन लागतो, तो काढून घेतला की ती थंडावतात. म्हणूनच ज्यांनी प्रयोगशाळेत दोन्ही रेणू हाताळले आहेत ते आरएनएच्या कामाला बसताना हातमोजे, पिपेटची टोकं, पाणी, सगळं वेगळं ठेवतात. मृत्यूनंतर पेशी फुटल्या की हीच एन्झाइम्स मोकळी सुटतात, आणि फुप्फुसातल्या विषाणूचा आरएनएही त्यांच्या तावडीत सापडतो.

मेणातला सैनिक

चार दशकं हे प्रकरण बंदच होतं. वॉशिंग्टनच्या आर्म्ड फोर्सेस इन्स्टिट्यूट ऑफ पॅथॉलॉजी या संस्थेत पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या शवविच्छेदनाचे नमुने फॉर्मॅलिनमध्ये बुडवून, मेणाच्या ठोकळ्यांत बसवून ठेवलेले होते. जेफ्री टॉबेनबर्गर, अ‍ॅन रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात १९१८ चे ठोकळे शोधायला घेतले.

बहुतेक नमुने निरुपयोगी होते, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. फ्लूचा विषाणू फुप्फुसात काही दिवसच वाढतो. बरेच रुग्ण त्यानंतर जिवाणूंच्या न्यूमोनियाने गेले. तोवर विषाणू संपलेला असे. पण साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सन छावणीतला २१ वर्षांचा एक सैनिक, २० सप्टेंबर १९१८ ला दाखल झालेला आणि २६ ला गेलेला, वेगळा निघाला. त्याचं डावं फुप्फुस जिवाणूंच्या न्यूमोनियाने भरलेलं होतं, पण उजवं मागे राहिलं होतं. त्यात विषाणूच्या सुरुवातीच्या हल्ल्याच्या खुणा होत्या. तिथे आरएनए मिळाला.

मिळाला म्हणजे चुरा मिळाला. साधारण शंभर-दीडशे अक्षरांचे तुकडे, त्याहून लांब फारसं काही नाही. फॉर्मॅलिनने रायबोन्यूक्लिएज लगेच थांबवली होती, हा त्याचा उपकार. पण त्याच फॉर्मॅलिनने बेसना रासायनिक ठिगळं लावली होती आणि आरएनएला प्रथिनांशी जखडून टाकलं होतं.

चुरा कसा वाचतात

आता साम्यांकडे येतो. या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे.

आरएनए थेट वाढवता येत नाही. प्रती काढण्याचं पीसीआर हे तंत्र कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये सुचवलं, पण ते डीएनएवर चालतं. मग आधी आरएनएचा मजकूर डीएनएमध्ये उतरवावा लागतो. हे काम करणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि सातोशी मिझुतानी यांनी, तसंच स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधलं.

हे उतरवणं शक्य होतं याचं कारण दोन्ही रेणू एकच नियम पाळतात. ग्वानिनसमोर सायटोसिन. अ‍ॅडेनिनसमोर डीएनएत थायमिन, आरएनएत युरॅसिल. थायमिन म्हणजे मिथाइल गट लागलेला युरॅसिलच. तो मिथाइल गट अ‍ॅडेनिनशी जोडी जमवणाऱ्या बाजूला नाही, त्यामुळे जोडीला काहीच अडत नाही. दोन्ही साखळ्यांना दिशा असते आणि जुळणाऱ्या साखळ्या उलट दिशांनी धावतात. म्हणूनच प्रयोगशाळेत बनवलेला वीसेक अक्षरांचा डीएनएचा प्रायमर, म्हणजे नक्कल सुरू करून देणारा छोटा तुकडा, १९१८ च्या आरएनएवर अचूक जागी जाऊन बसतो. एक धागा आरएनएचा, दुसरा डीएनएचा, आणि जोडी व्यवस्थित जुळते. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज तिथून पुढे डीएनए विणत जातं. एकदा डीएनए प्रत तयार झाली की मूळ आरएनए तुटला तरी मजकूर हातचा जात नाही.

पण १२० अक्षरांचा तुकडा धरला तर त्याच्या दोन्ही टोकांना प्रायमर बसतात, वीस-वीस अक्षरांचे. त्या चाळीस जागांवर जे वाचलं जातं ती प्रायमरची अक्षरं असतात, सैनिकाच्या फुप्फुसातली नव्हेत. खरी नवी माहिती मधल्या ऐंशी अक्षरांची. म्हणून पुढचा तुकडा असा निवडावा लागतो की मागच्या प्रायमरखाली झाकलेली जागा त्याच्या मध्यात येईल. हिमॅग्लुटिनिन या, विषाणूला पेशीला चिकटवणाऱ्या प्रथिनाचं जनुक साधारण सतराशे अक्षरांचं आहे. वरच्या हिशोबाने एकट्या त्याला वीसहून अधिक एकमेकांवर चढणारे तुकडे लागतात, आणि संपूर्ण मजकुराला दीडशेहून अधिक. मजकूर आधी माहीत नसताना प्रायमर बेतायचे, म्हणजे इतर फ्लू विषाणूंत फारशा न बदलणाऱ्या जागा हुडकून तिथून सुरुवात करायची. मार्च १९९७ मध्ये या गटाने विषाणूच्या आठपैकी चार तुकड्यांमधले नऊ छोटे अंश प्रसिद्ध केले. पण मेणातला ऊतक संपत चालला होता.

पुन्हा ब्रेव्हिग मिशन

तो लेख हुल्टिनने वाचला. तेव्हा तो ७२ वर्षांचा होता. त्याने टॉबेनबर्गरना पत्र लिहिलं आणि ऑगस्ट १९९७ मध्ये, ४६ वर्षांनी, तो त्याच गावी परत गेला. या वेळीही त्याने गावाच्या पंचमंडळाची रीतसर परवानगी घेतली, गावातल्या माणसांच्या मदतीने खोदलं, काम झाल्यावर कबर पूर्ववत केली आणि कुजलेल्या क्रूसांच्या जागी नवे लाकडी क्रूस उभे केले. हे मी मुद्दाम नोंदवतो आहे. ज्या गावाची जवळजवळ सगळी प्रौढ पिढी त्या विषाणूने नेली, त्या गावाने दोनदा होकार दिला म्हणून हे विज्ञान झालं.

सुमारे सात फूट खोलीवर एका स्थूल स्त्रीचा देह सापडला. आजूबाजूचे देह कुजून गेले होते, पण चरबीच्या थरामुळे तिची फुप्फुसं टिकली होती. त्यातून विषाणूचा आरएनए निघाला.

गंमत अशी की गोठलेल्या देहातला हा आरएनएदेखील मेणातल्या आरएनएपेक्षा फारसा लांब नव्हता. तुकडे साधारण तेवढेच. थंडीने रासायनिक क्रिया मंदावते, पण देह गोठेपर्यंत एन्झाइम्सना वेळ मिळालेला असतो, आणि आतला सगळा काळ अखंड गोठलेलाच गेला असेल असंही नाही. लाभ झाला तो लांबीचा नव्हे, ऊतक भरपूर मिळाल्याचा. पुढच्याच वर्षी नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये १९१८ मध्ये गेलेल्या खाणकामगारांच्या कबरी मोठ्या तयारीने उघडण्यात आल्या. पण ते देह उथळ, दर उन्हाळ्यात वितळणाऱ्या थरात होते.

वाचलेलं अक्षर खरं कशावरून

हा प्रश्न या प्रकरणात सर्वांत बारीक आहे, आणि युरॅसिल-थायमिन हा फरक इथे एकदम जिवंत होतो. सायटोसिन हा बेस आपोआप बिघडतो : त्याचा अमिनो गट गळतो आणि त्याचा युरॅसिल होतो. डीएनएत युरॅसिल असायलाच नको, त्यामुळे जिवंत पेशीतल्या दुरुस्तीच्या एन्झाइमला तो लगेच ओळखता येतो. ते त्याला उपटून काढतं आणि समोरच्या धाग्यावर ग्वानिन आहे हे पाहून तिथे सायटोसिन परत बसवलं जातं. डीएनए थायमिन का वापरतो, याचं मला पटणारं उत्तर हेच आहे. आरएनएत युरॅसिल हा हक्काचा रहिवासी आहे, बिघडून झालेला युरॅसिल आणि मूळचा युरॅसिल यांत फरक करता येत नाही. शिवाय फ्लूचा आरएनए एकपेडी, पडताळायला समोर धागा नाही.

मग जुन्या नमुन्यात युरॅसिल दिसला तर तो १९१८ च्या विषाणूचा की नंतरच्या बिघाडाचा? खुद्द रेणूकडे याचं उत्तर नाही. पडताळा बाहेरून घ्यावा लागला. एकच भाग पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या प्रतींतून वाचला गेला. त्याहून भक्कम पुरावा म्हणजे साउथ कॅरोलायनातला सैनिक, न्यूयॉर्कच्या कॅम्प अप्टनमधला दुसरा सैनिक आणि अलास्कातली ती स्त्री, या तिघांकडचा हिमॅग्लुटिनिनचा मजकूर जवळपास तंतोतंत जुळला. बिघाड यादृच्छिक असतो. तीन ठिकाणी, दोन वेगळ्या प्रकारे जपलेल्या ऊतकांत तो त्याच जागी होणार नाही.

हे जुळणं एरवीही थक्क करणारं आहे. आरएनएची नक्कल करणाऱ्या फ्लूच्या पॉलिमरेजला चूक तपासून मागे फिरता येत नाही. साधारण दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे एक चूक होते. पेशीतल्या डीएनएच्या नकलेत तपासणी आणि दुरुस्ती धरून चुकीचं प्रमाण शंभर कोटी अक्षरांत एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. फ्लूची लस पुन्हा पुन्हा बदलावी लागते त्यामागे हा फरक आहे. तरीही देशाच्या दोन टोकांना, काही आठवड्यांच्या अंतराने, मजकूर एवढा सारखा राहिला. साथ किती वेगाने पसरली होती हे त्यावरून कळतं.

पुन्हा आरएनए

हिमॅग्लुटिनिनचं जनुक १९९९ मध्ये पूर्ण झालं, मग एकेक करत बाकीची, आणि ऑक्टोबर २००५ मध्ये शेवटची तीन पॉलिमरेज जनुकं. आता पूर्ण मजकूर होता, पण डीएनएच्या रूपात. त्यापासून विषाणू उभा करायचा तर उलटा प्रवास हवा होता.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयात पीटर पालेसे आणि अडोल्फो गार्सिया-सास्त्रे यांच्या गटाने आठही जनुकांसाठी प्लाझ्मिड तयार केले. प्लाझ्मिड म्हणजे दुपेडी डीएनएची वर्तुळं. ती शीतकपाटात निवांत राहतात, जिवाणूंत हवी तेवढी वाढवता येतात. अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रात टेरेन्स टम्पी यांनी कडेकोट बंदोबस्तातल्या प्रयोगशाळेत, एकट्याने, ती मानवी मूत्रपिंडाच्या पेशींत सोडली. पेशींनी डीएनएवरून आरएनए तयार केला. फ्लूचा आरएनए नुसता असून भागत नाही. तो ऋण धाग्याचा, म्हणजे प्रथिनं बनवायला लागणाऱ्या आरएनएच्या उलट जोडीचा असतो, त्यामुळे पेशीला तो वाचता येत नाही. म्हणून विषाणूचं पॉलिमरेज आणि आरएनएला गुंडाळणारं प्रथिन यांचीही सोय त्याच पेशीत करावी लागते. ती केल्यावर विषाणू बाहेर आला. तो उंदरांना मारणारा निघाला आणि प्राणघातकपणात पॉलिमरेज जनुकांचा आणि हिमॅग्लुटिनिनचा मोठा वाटा असल्याचं दिसलं. असा विषाणू पुन्हा तयार करावा का, यावर तेव्हाही वाद झाला. तो वाद योग्यच होता.

फुप्फुसात आरएनए, परीक्षानळीत डीएनए, पेशीत पुन्हा आरएनए : इतक्या फेऱ्यांत मजकुरातलं एकही अक्षर केवळ रेणू बदलला म्हणून हरवलं नाही. माहिती वाहण्याच्या बाबतीत दोन्ही रेणू एकमेकांची जागा घेऊ शकतात. काळाला तोंड देण्याच्या बाबतीत मात्र घेऊ शकत नाहीत.

याचा परिणाम आपल्या रोगांच्या इतिहासावर झाला आहे. प्लेगच्या जिवाणूचा डीएनए सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या दातांतून वाचला गेला आहे. देवीच्या विषाणूत डीएनए असतो, आणि त्याचे हजारेक वर्षांपूर्वीचे मजकूर उत्तर युरोपातल्या सांगाड्यांतून मिळाले आहेत. ग्रीनलंडच्या गाळातून तर २०२२ मध्ये वीस लाख वर्षांपूर्वीचा डीएनए वाचला गेला. जुना आरएनए अजिबात टिकत नाही असं नाही : सायबेरियात गोठलेल्या, सुमारे १४,३०० वर्षांपूर्वीच्या एका श्वानकुळातल्या प्राण्याच्या ऊतकातून २०१९ मध्ये तो मिळाला. अमेरिकेत कोरड्या जागी राहिलेल्या हजारेक वर्षांच्या मक्यातून वनस्पतीचा एक आरएनए विषाणूही मिळाला, आणि त्याचा आरएनए दुपेडी होता. पण गोवर आणि फ्लू या माणसाच्या आरएनए विषाणूंचे संपूर्ण मजकूर विसाव्या शतकाच्या मागे जात नाहीत. गोवराचा सर्वांत जुना मजकूर १९१२ चा आहे, बर्लिनमधल्या एका संग्रहातल्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या फुप्फुसातून २०२० मध्ये वाचलेला. १८८९ ची मोठी साथ नेमकी कोणत्या विषाणूची होती, हे अजून ठरलेलं नाही. त्याचं उत्तर असेल तर अशाच कुठल्यातरी जुन्या बरणीत, शंभर-दीडशे अक्षरांच्या तुकड्यांत असेल.